पहिल्या फेरीला कोण बसणार

तात्या, माझ्याकडं गाडी आहे. माझ्या नावावर, माझ्या गॅरेजात, इथं मेलबर्नमध्ये पॉइंट कुकला. तुम्ही बघितली असती तर हसला असता, आणि मला तुमचं हसणं नको आहे, म्हणून तुम्ही नाही तेच बरं. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. जिवंत होता तेव्हाही नाही लिहिली. आता ह्या कोरोनात घरात भांडायला कोणी नाही, म्हणून तुम्ही.

गाडी म्हणजे काय, तर वरून फायबरची बॉडी, जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारसारखी. दोन सीट, छप्पर नाही, पुढं दोन गोल दिवे. अशी बॉडी इकडं सुटी विकत मिळते आणि हौशी लोक घरी आणून एखाद्या जुन्या गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवतात. शहाणे लोक त्यासाठी बसकी छोटी मोटार शोधतात. आमच्या ह्यांनी आईस्क्रीमची व्हॅन शोधली. पोरांच्या मागं गाणं वाजवत फिरते ना, तसली. हे बसडेपोत मेकॅनिक होते, तिथला एकजण व्हॅन काढून टाकत होता, ह्यांनी ओढून आणली. वरचा डबा कापून फेकला आणि चासी ठेवली. आता त्या व्हॅनचं इंजिन सीटच्या खाली असतं. म्हणजे सीट उंच. बसलं की डोकं काचेच्या वर जातं आणि बुडाखाली चूल पेटते. लांबून बघितलं तर कोंबडी अंड्यांवर बसायला निघालीय आणि मधेच थांबलीय असं दिसतं. मी ह्यांना म्हणाले, हे काय केलंत? तर म्हणाले, "चासी चांगली आहे गं. बाकी सगळं वरचं आहे." कोरोना यायच्या आधी हार्टनं गेले. गाडी अर्धी तशीच राहिली, चार लोखंडी घोड्यांवर टेकवून चढवलेली.

मुलगा म्हणाला, आई, टिपला टाक. टिप म्हणजे इकडचा कचरा डेपो. तो राहतो ग्लेन वेव्हर्लीला, शहराच्या त्या टोकाला, त्याच्या मुलीच्या शाळेसाठी. लॉकडाउन लागला आणि पाच किलोमीटरच्या पुढं जायची बंदी आली, मग तो नुसता फोनमध्ये दिसायला लागला. रोज तेच. आई जेवलीस का, आई मास्क लाव, आई बेकिंग कर काहीतरी, सगळे करतायत. मला कुणाचे केक बघायचे नव्हते. मी गॅरेज उघडलं. चासी बॉडीपेक्षा लांब होती, म्हणून ह्यांनी ती मधून कापून आखूड केली होती. एका बाजूचा वेल्डिंगचा जोड ह्यांनी मारलेला, दुसऱ्या बाजूचा मी. ह्यांनी शिकवलं म्हणून मारला. तुम्ही नाही शिकवलं. उरलेलं सगळं मी एकटीनं केलं, वायरी, ब्रेकचे पाइप, सीटखाली उष्णता अडवायचा पत्रा. चुकलं तेव्हा शिव्या घातल्या आणि परत केलं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, वेळ होता.

पण जोड बघितला की मला मिरजेचं तुमचं गॅरेज आठवायचं, आणि डोकं फिरायचं. ट्रकची नुसती चासी यायची तुमच्याकडं, पुढं इंजिन, मागं काही नाही, ड्रायव्हर खोक्यावर बसून चालवत आणायचा. तुम्ही तिच्यावर लाकडी बॉडी बांधून द्यायचा. बॉडी झाली, नारळ फुटला, की पहिली फेरी. गिऱ्हाईक तुमच्या शेजारी केबिनमध्ये, आणि मी मागं रिकाम्या हौद्यात, एकटी, मागच्या फळीला, फाळक्याला, धरून उभी. गिऱ्हाईक फळ्या ठोकून बघायला लागलं की तुम्ही म्हणायचा, "माझी पोर उभी आहे मागं. आणखी कसली खात्री पाहिजे?" गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं. मी आठ वर्षांची असेन, मला वाटायचं मी गॅरेजची मालकीण आहे. रस्त्यावरच्या बायका बघायच्या. मी हात करायचे.

मग तो गुळाच्या व्यापाऱ्याचा ट्रक. रेल्वे फाटकाच्या अलीकडं खड्ड्यात चाक गेलं, फाळक्याची कडी निसटली, आणि मी फाळक्याबरोबर खाली. तुम्ही उतरून आलात. आधी कडी बघितली. हातात घेऊन, उलटीसुलटी करून बघितली. मग मला. भुवई फाटली होती, अजून तिथं केस येत नाहीत. घरी आईनं हळद दाबली आणि मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, झोप लागल्यासारखी. आई कधी तुमच्यापुढं बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "पोरीलाच का बसवता? एवढी खात्री आहे तर पोराला बसवा की एकदा." तुम्ही भाकरी मोडत होता. म्हणालात, "तो एकटा आहे. पोरी तीन आहेत."

आवाज चढवला नाहीत. हिशेब सांगावा तसं सांगितलंत आणि आमटी मागितलीत. आईनं वाढली. दुसऱ्या दिवशी मला लाल रिबीन आणलीत, आणि पुढच्या ट्रकला परत मीच मागं, रिबीन बांधून. सातवीला शाळा बंद केलीत, आणि त्याच वर्षी गॅरेजही बंद केलंत मला. पोरगी मोठी झाली, लोक बघतात. म्हणजे पडायला चालत होते, शिकायला नाही. भावाला तुम्ही सगळं शिकवलंत आणि त्यानं गॅरेज विकून टाकलं, ते बरं झालं.

आता ऐका. लॉकडाउन उठला, गाडी टो ट्रकवर घालून तपासणीला नेली, तिथल्या इंजिनिअरनं दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा पास केली. त्यानं त्याच्या आवारात फिरवली ती फेरी मी धरत नाही. रस्त्यावरची पहिली ती पहिली. नंबरप्लेट लागली त्या रविवारी मुलगा आला, नातीला घेऊन. नात आल्याआल्या धावत जाऊन सीटवर चढली. "आजी, इट्स सो कूल! लेट्स गो!" मुलगा गाडीभोवती फिरला, खाली वाकून जोड बघितला. म्हणाला, "आई, आईस्क्रीम व्हॅन कापून जोडलेली आहे ही. सेफ आहे?"

"पास झालीय. जोड पक्का आहे."

"एवढी खात्री आहे?"

"आहे."

"मग ने की हिला. एक चक्कर मारून आण."

मला काय झालं सांगता येत नाही. मी नातीचा दंड धरला आणि तिला खाली ओढली. जोरात. ती रडायला लागली, "व्हॉट डिड आय डू?" मुलगा म्हणाला, "बघ. म्हणजे खात्री नाहीच तुला. विकून टाक ना, मॉम, प्लीज. एकटी राहतेस. उद्या हिच्यात काही झालं तर आम्हाला कळणार पण नाही." मी म्हणाले, निघा. तो निघाला. नात त्यांच्या गाडीत बसताना माझ्याकडं बघत नव्हती. एवढे महिने फोनमध्ये बघून काढले, आणि भेटली तर दहा मिनिटांत रडवून पाठवली. हे तुमच्यामुळं, तात्या. मेलात तरी तुमचं चालूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचा फोटो बाहेर काढला. भावानं फ्रेम करून पाठवलेला, तो मी लाँड्रीत वॉशिंग मशीनच्या मागं ठेवलाय, तोंड भिंतीकडं. भिंतीवर लावायची माझी इच्छा नाही आणि फेकायची हिंमत नाही. पुसला, शेजारच्या सीटवर उभा केला, पट्टा लावला. म्हणाले, बसा आता. तोंडावर कोरोनाची ती प्लास्टिकची ढाल बांधली, काचेचा उपयोग नाही म्हणून, आणि निघाले. शेजारचा गोरा म्हातारा नळीनं पाणी घालत होता, हात वर करून ओरडला, "गुड ऑन यू!" फोटो त्याला दिसला असेल तर देव जाणे काय वाटलं. खाडीकडच्या रस्त्यानं गेले. गाडी खडखडते, सीट भाजते, पण सरळ जाते. मी तुम्हाला सारखं विचारत होते, कसं वाटतंय? धरायला काही आहे का?

घरी येऊन मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. रिबीन, फाळका, भाकरी. तो म्हणाला, "आई, हे कधी बोलली नाहीस." मी म्हणाले, तू विचारलं नाहीस, आणि मलाही वेळ नव्हता. मागून नातीचा आवाज आला, स्पीकरवर सगळं ऐकत होती. "आजी, पहिली फेरी झाली ना? मग मी सेकंड." शनिवारी येणार आहेत. घेऊन जाईन तिला. ज्यानं जोड मारला तो आधी बसला, आता कुणीही बसावं.

हे पत्र कुठं टाकायचं, तुम्हाला पत्ता नाही. फोटो परत मशीनच्या मागं ठेवलाय. एकच राहिलं. खाडीच्या वळणावर स्पीड हंप आहे, मला दिसला नाही, गाडी उडाली. माझा डावा हात गिअरवरून सुटला आणि तुमच्या फोटोवर जाऊन आडवा झाला, पडू नये म्हणून. पट्टा होता. तरी हात गेला.