हळदीकुंकवाची कॉफी

२० जानेवारी
सांगलीचे डॉक्टर म्हणाले, पायांच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात. ऑपरेशन लांबलं तर अंगठा जाईल, मग पाऊलही! पण आधी हृदयाला ते पेलेल का, हे बघायचं. ट्रेडमिलवर चालवून बघतात म्हणे — मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालवत नाही, पोटऱ्या धरतात. म्हणून इंजेक्शन देऊन हृदयाला चालल्यासारखं करायचं आणि फोटो काढायचे. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद.

पृथ्वीराजला कोईमतूरला फोन लावला. 'दुकानात लय गर्दी हाय आई, करतो मागनं.' सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या आईनं भट्टी थंड व्हायची वाट बघायची.

२३ जानेवारी
उद्या तपासणी. सकाळपासून चहा नाही, डोकं ठणकतंय.

संध्याकाळी शेजारची नवी सून, राणी, दारात. 'काकू, हळदीकुंकवाला चला.' अगं, मला कसं? 'का? तुमाला का न्हाई?' हे गेल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं. गेले. तिनं सगळ्यांसमोर मला कुंकू लावलं. मग कॉफीचा कप पुढे केला. नको म्हटलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, मीच मान नाकारला. प्यायले.

२४ जानेवारी
एसटीनं एकटीच गेले. 'काल चहा-कॉफी घेतली होती का?' खोटं बोलवेना. सिस्टर म्हणाली, 'मग इंजेक्शन लागू पडत न्हाई, मावशी.' तपासणी रद्द — आता दहा फेब्रुवारीला. घरी येऊन रडले. कॉफीचा मात्र पस्तावा नाही.

१ फेब्रुवारी
पृथ्वीराजचा फोन नाही. अंगठा काळसर दिसतोय.

९ फेब्रुवारी
राणी चहा घेऊन आली. या वेळी सगळं सांगून टाकलं. ती मटकन खालीच बसली. 'आवं काकू, बोलायचं न्हाई व्हय! दूध दिलं आसतं की.' दूध! माझ्या डोक्यातच आलं नाही. दोघी खूप हसलो. घरात हसण्याचा आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं.

उद्या सोबत येते म्हणाली.

१० फेब्रुवारी
इंजेक्शन दिल्यावर छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं. थोड्या वेळानं ओसरलं. घाबरले होते. राणी बाहेर बाकावर बसून होती, एवढाच आधार.

१२ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. हृदयाचा मोठा भाग रक्ताला मोताद. डॉक्टर म्हणाले, 'पायांमुळे तुम्ही चालत नव्हता, म्हणून छातीनं तक्रार केली नाही.' पाय राहू दे, आधी हृदय. उद्या अँजिओग्राफी, बहुतेक बायपास.

राणीला सांगितलं. पृथ्वीराजला अजून नाही.