भिकाजीकाकांचे डोळे

सोम. ५ डिसें. १९५५
पुन्हा उशीर. आईच्या खाणावळीचे डबे गिरणीच्या दारात पोचवून ट्राम पकडेपर्यंत वर्ग सुरू झालेला. मॉडेलच्या समोरच्या जागा गेल्या होत्या. पाठीमागे बसलो. कलाशाळेत तिसरं वर्ष, आणि मी अजून लोकांच्या पाठीच काढतोय.
मोने सर मागे येऊन बराच वेळ उभे. म्हणाले, "सदानंद, पाठ छान आहे. आता माणूस पुढे वळणार कधी?" सगळे हसले. मीपण हसलो. झोप येत होती.

बुध. ७ डिसें.
सरांनी सगळ्यांची रोजची स्केचेस मागवली. नेम त्यांनीच घालून दिलेला: रोज एक, सकाळच्या चहाच्या आधी, रबर न वापरता, खाली तारीख. फाडायचं काही नाही, वाईटसुद्धा. मी नेम एकदाही मोडलेला नाही, म्हणून ऐटीत गठ्ठा पुढे केला.
सर एकेक कागद उलटत गेले. सगळी माणसं झोपलेली. तोंडावर हात घेऊन झोपलेली, कुशीवर, पालथी, तोंड उघडं टाकून. शेवटी चष्मा काढला. "अरे, तुमच्या घरी जागं कोणी नसतं का?"
काय सांगणार? बाबा दिवसपाळीला बाहेर पडले की रातपाळीची गावची माणसं आत येतात. जेवतात, खोलीभर वळकट्या पसरतात, पडतात. जागं माणूस आमच्याकडे एका जागी थांबतच नाही. झोपलेलं तेवढं हलत नाही. आणि शाळेत पहिली दोन वर्षं प्लास्टरची डोकी काढली, त्यांना बुबुळंच नसतात.
सर हसले नाहीत. "डिप्लोमाला मस्तकाचं चित्र लागतं. जिवंत माणसाचं, बघणारं. डोळे जमले नाहीत तर यंदा परीक्षेला बसू नको."
यंदा नाही बसलो तर पुढच्या वर्षी बाबा बसू देणार नाहीत. गिरणीत त्यांच्या खात्यात मला बदली कामगार म्हणून घ्यायचं जॉबरने, म्हणजे मुकादमाने, कबूल केलंय, हे दर रविवारी ऐकतो.

शुक्र. १६ डिसें.
आरशात स्वतःचे डोळे काढून पाहिले. चोरासारखे आले. आईला म्हटलं, जरा माझ्याकडे बघ. तिने बघितलं आणि म्हणाली, "तांदूळ निवडून ठेव." तेवढ्यात बघणं संपलं.

मंगळ. २० डिसें.
सकाळी भिकाजीकाकांना काढलं. नेहमीप्रमाणे. आमच्याच गावचे, गिरणीत साच्यावर कापड विणतात, कायम रातपाळी. खिडकीखाली झोपतात, तिथे उजेड बरा पडतो, म्हणून माझ्या गठ्ठ्यात अर्धे तेच. भुवयांत कापूस अडकलेला, चार दिवसांची दाढी. तो चेहरा आता न बघतासुद्धा काढता येईल मला. पापण्यांपर्यंत.
आज मध्येच एक डोळा किलकिला केला. "झोपल्या माणसाक काढतंस? चोर खंयचो!" आणि परत घोरायला लागले. तो एक डोळा पकडायला हवा होता. पेन्सिल नाकावर होती.

सोम. २ जाने. १९५६
वर्गातल्या विन्याकडे गिरगावात गेलो. त्याचे आजोबा आरामखुर्चीत बसले. आपण होऊन. विन्या म्हणाला, "तू येत जा रे. त्यांना तेवढाच उद्योग." आजोबा हलत नाहीत, पेंगत नाहीत, सरळ डोळ्यात बघतात. घरात एवढी शांतता की मला भिंतीवरच्या घड्याळाचाच राग आला. त्यांच्याकडे बसायला माणूस आहे, बसायला खुर्ची आहे, बघायला वेळ आहे. अभ्यासाची चांगली सोय म्हणजे काय, तर ही. हेवा वाटला. मग पोहे आले आणि जरा कमी वाटला.
डोळे बरे आले. आजोबांचे.

सोम. ९ जाने.
काही काढलं नाही असं नको म्हणून आईचा हात काढला, पोळपाटावरचा. ब्रश साबणाने धुऊन ठेवले. थकलो.

मंगळ. १७ जाने.
काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. चाळीत काल कोणाचंही जेवण नीट झालं नाही. बाबा ताटावरून उठले. आज गिरण्या बंद, शाळा बंद, ट्रामही नाही. नाक्यावर टायर जळताहेत, वास खोलीत येतोय.
गंमत म्हणजे भिकाजीकाका दिवसा जागे. त्यांना ते जमतच नाही. गॅलरीत बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले. मी बघत होतो आणि मला कळलं की हे माणूस मी उभं असं कधी नीट पाहिलेलंच नाही. सांगितलं, काका, मोकळे आहात तर माझ्यासमोर बसा. डिप्लोमाचं चित्र आहे. डोळे उघडे ठेवायचे, बाकी काही काम नाही.
लाजले. एवढा बाप्या माणूस लाजला. गालावरून हात फिरवला. "उद्या बसतंय. पण आधी दाढी करून येतंय. ह्या तोंडाचा चित्र काढलंस तर गावातली माणसां हसतली."
कागद ताणून बोर्डाला लावून ठेवलाय.

गुरु. १९ जाने.
भिकाजीकाका गेले. काल. गोळी.

रवि. २२ जाने.
लिहून ठेवतो. नंतर लिहिणार नाही.
बुधवारी सकाळी ते दाढी करायला खाली उतरले. नाक्यावरच्या न्हाव्याचं दुकान बंद. परत यायचं, तर पुढच्या गल्लीतलं उघडं आहे का बघायला गेले. तिथे पोलिसांनी गोळीबार केला. ते कोणत्याही मोर्चात नव्हते. खांद्यावर पंचा होता.
मी बोर्डासमोर बसून पेन्सिली तासत होतो. गोळ्यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता काकांना यायला उशीर होणार.
दाढी करा असं मी म्हटलं नव्हतं. पण बसा म्हटलं होतं.
ते आईने ऐकलं होतं, पण तिने कोणाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, "जेव." गावी तार गेली. आज सकाळी सवयीने कागद घेऊन खिडकीपाशी बसलो. खिडकीखाली कोणी झोपलं नव्हतं. नेम मोडला.

शुक्र. २७ जाने.
चळवळीतली मुलं आली, बाळा पुढे. माझा लहानपणच्या शाळेतला मित्र, आता घोषणा देऊन आवाज बसलेला. भिकाजीकाकांची तसबीर चौकात लावायची आहे, शोकसभेला. फोटो कोणाकडेच नाही. काकांनी आयुष्यात कधी फोटो काढलेला नाही. मग म्हणे सद्याकडे चित्रं आहेत.
गठ्ठा उघडून बघितला. बाळा म्हणाला, "हे काय यार? झोपलेला हुतात्मा कोण बघणार? डोळे उघड ह्यांचे. असे काढ ना, बघणाऱ्याचं रक्त सळसळलं पाहिजे."
म्हटलं, त्यांचे डोळे तसे नव्हते.
"मग कसे होते?"
गठ्ठा बांधून ठेवला. मला माहीत नाही.

सोम. ३० जाने.
शाळा उघडली. काकांच्या मस्तकाचे चार कागद सरांना दाखवले. सगळं बरोबर, आणि डोळ्यांच्या जागी एकात आजोबांचे डोळे, एकात माझे, एकात मॉडेलचे. चौथ्यात बाळाने मागितलेले, ते तर नाटकातल्यासारखे. सर्व हकिकत सांगितली. दाढीचीसुद्धा. पहिल्यांदा कोणाला सांगितली ती सरांनाच.
त्यांनी चारही कागद उपडे ठेवले. मग म्हणाले, "डोळे कसे काढायचे ते मी शिकवीन. ह्याचे कसे, ते मला नाही येत." कागद परत देताना, "सबमिशनला त्या आजोबांचं मस्तक दे. चांगलं आहे. पास होशील."
म्हणजे पास होईन. बाबांचं जॉबर-पुराण थांबेल. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

गुरु. २ फेब्रु.
शोकसभा झाली. चौकात काकांच्या नावाचा नुसता फलक लावला, हार घातलेला. मी चित्र दिलं नाही. बाळा बोलत नाही माझ्याशी.
तरी डोळे विचारत सुटलोय. चाळीत वेडा म्हणतील. बाबांना विचारलं, एकाच खात्यात इतकी वर्षं होतात, पाळी बदलताना रोज भेटत होतात. म्हणाले, "साच्यावर माणूस धाग्याकडे बघतो. मी माझ्या धाग्याकडे, तो त्याच्या." आईला विचारलं. "माझ्याकडे खंय बघी तो? ताटाकडे बघी. भुकेल्या माणसाचे डोळे सगळ्यांचे सारकेच." मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, कांदा आहे. कांदा नव्हता.
नाक्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. चेहरा सगळ्यांत जवळून बघणारा तोच. तो म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसला की झोपायचा रे तो. मान मीच धरायचो."
वीस-बावीस वर्षं माणूस ह्या मुंबईत राहिला. आला, कामाला गेला, जेवला, झोपला. कोणी त्याच्या डोळ्यात बघितलं नाही. त्याला कोणाच्या डोळ्यात बघायला वेळ मिळाला नाही. मला राग येतोय आणि कोणावर काढायचा ते कळत नाही.

रवि. ५ फेब्रु.
काकी आल्या, बोटीने, दिराबरोबर. दिवस गावीच केले. आता काकांची ट्रंक न्यायला आल्यात. मी त्यांना पहिल्यांदाच बघतोय. बारीक, उंच, बोलत नाहीत. आईने जेवायला वाढलं तर आधी विचारलं, "ते खंय बसत?" त्या जागेवर बसल्या.
जेवण झाल्यावर आई मला म्हणाली, दाखव तिला. गठ्ठा दिला. भिंतीला टेकून त्यांनी सगळे कागद बघितले, सावकाश. एका कागदाला बोट लावलं, भुवईतल्या कापसाला, आणि पुसायला गेल्या. पेन्सिल बोटाला लागली. मग नाकाने जोरात श्वास घेतला, बस.
"घोरत?" त्यांनी विचारलं.
आई म्हणाली, "तर! पत्रे उडत."
काकी हसल्या. मग रडल्या. इतके दिवस रडल्या नव्हत्या असं दीर म्हणाला.

मंगळ. ७ फेब्रु.
काकी म्हणाल्या, घरात लावायला एक चित्र दे, उघड्या डोळ्यांचं. गावात झोपलेल्याचं लावत नाहीत, पोरं भितील. मी म्हटलं, काढतो. तोंडातून गेलं. मग धीर करून विचारलं, काकी, डोळे कसे होते त्यांचे?
त्यांनी आईकडे बघितलं. पदर पुढे घेतला.
"शिमग्याक येत. बोटीतून उतारले की आधी माडांकडे बघीत, मगे घरात येत. चार माणसांत माझ्याकडे कशे बघतले?"
"आणि एकटे असताना?"
आई मला ओरडली. काकी म्हणाल्या, "काळोख असे."
मी खाली आलो. नळावर तोंड धुतलं. परत धुतलं.

गुरु. ९ फेब्रु.
सबमिशन उद्या. आजोबांचं मस्तक माउंट करून झालं, विन्याने मदत केली. रोजच्या स्केचेसचा गठ्ठाही द्यावा लागतो. गठ्ठ्यातून भिकाजीकाका काढून घेतले, काकींना दिले. आता गठ्ठा अर्धा. सर ओळखतील, विचारणार नाहीत. परीक्षक विचारतील.
दुपारी काकी माझ्या बोर्डासमोर येऊन बसल्या. ताणलेला तो कागद तसाच होता. मी त्यावर काकांना काढत होतो, मान, कान, कपाळ, दाढीचे खुंट. डोळ्यांपाशी थांबलो होतो. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "त्या दिसा भायर कशाक पडले ते? कोण म्हणता मोर्चात होते. कोण म्हणता दूध आणूक."
आई दारात होती. तिने मान हलवली, नको. मी सांगितलं. सगळं. मी बसा म्हटलं होतं, ते लाजले होते, दाढी करून येतो म्हणाले होते, दुकान बंद होतं. गावातली माणसं हसतील म्हणाले, ते पण सांगितलं.
मला वाटलं, आता काकी उठतील. मला शिव्या देतील. द्याव्यात, असंही वाटलं. त्यांनी कागदावरच्या खुंटांकडे बोट केलं.
"मगे ह्या कशाक काढलंस? दाढी करूक गेल्ले ना? दाढी केलेले दाखव."
मी म्हटलं, काकी, पण ते पोचले नाहीत.
"माका माहीत असा," त्या म्हणाल्या. "तू कर."
रबर विन्याकडून मागून आणलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. गाल साफ करत बसलो, हळूहळू, हनुवटीखाली, कानाच्या पाळीपर्यंत. काकी शेजारी बसून बघत होत्या, मध्ये एकदा म्हणाल्या, "थंय राहिली." गाल झाले. तरुण दिसायला लागले. भुवईतला कापूसही काढला.
काकींची बोट शनिवारी आहे. डोळे राहिलेत.