सरदारांची पोथी वेरिबीत

१५ सप्टें. २०२०, क्लेटन
कोथिंबीर संपली. नात नूपुर सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेली. तिचं युनिव्हर्सिटीचं काम म्हणजे पेशवाईतल्या एका सरदारांचा ग्रंथसंग्रह पुन्हा जुळवायचा. वाडा लुटला, पोथ्या चहूकडे गेल्या. कागदोपत्री पुष्कळ सापडल्या, हाती एकही नाही. मी चौथी नापास, पण मला भारी मजा वाटते!
आणि आज कळलं, सरदारांच्या पुराणिकांच्या घरातले अण्णा इथेच परदेशात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीला मुलाकडे. देव्हाऱ्यात लाल फडक्यात एक पोथी! शेवटच्या पानावर मालकाचं नाव असतं म्हणे.

१६ सप्टें.
लॉकडाउनमुळे घरी जाता येत नाही, म्हणून अण्णांना फोन. नूपुर म्हणाली, "लास्ट पेज फक्त कॅमेऱ्यावर दाखवा ना." अण्णा उखडले. "पोथी आहे ती, पासपोर्ट नव्हे! तीन पिढ्यांत कुणी उघडली नाही." मी फोन घेतला. आधी गुडघेदुखी, मग मुद्दा. श्रोते मिळाले तर वाचाल का? अण्णा म्हणाले, "पहिल्या पानापासून. रोज थोडं. काही गाळायचं नाही." नूपुरने कपाळावर हात मारला.

१७, गुरुवार
अंघोळ करून, निरांजन लावून लॅपटॉपसमोर बसलो. अण्णांनी फडकं सोडलं, वाचू लागले. अन् निघालं काय, तर घोड्याचं पोट फुगल्यावर काय द्यावं! मी पदर तोंडात कोंबला. अण्णांचा चेहरा एवढासा. "याला इतकी वर्षं फुलं वाहिली?" गुंडाळायलाच लागले. म्हटलं, "सुरू केलेली पोथी अर्धी टाकतात का? वाचा. माझ्याही पोटाला उपयोग होईल."
नूपुर नाचतेय. "आजी, पुराणिकांकडे घोडे कुठले? सरदारांचीच असणार!" पण नावाशिवाय तिचे गाइड मानायचे नाहीत.

२ ऑक्टो.
खूर झाले, आता खोकला. अण्णा घोड्यासारखं खोकून दाखवतात. त्यांची सून म्हणाली, लॉकडाउन लागल्यापासून बाबा आज पहिल्यांदा हसले.

२० ऑक्टो.
२५ किमी जायला परवानगी. वेरिबी त्याच्याही पलीकडे. एकच पान उरलं, आणि अण्णांनी फडकं बांधलं! "समाप्ती फोनवर होत नाही. श्रोत्यांनी घरी यायचं, प्रसाद घ्यायचा."
"अण्णा, नॉट फेअर!"
"नो वरीज," म्हणाले. नूपुर आधी चिडली, मग हसत सुटली. गाइडना कळवलं, एक पान बाकी.

८ नोव्हें.
आज रात्रीपासून कुठेही जाता येणार! पुरणाची डाळ भिजत घातली. नूपुर विचारते, "आजी, नाव नसलं तर?" म्हटलं, घोडा तरी बरा होईल. ती हसली नाही. देवा, तेवढं एक नाव असू दे रे.
उद्या गाडीत पुढे मी बसणार.