शंभरातल्या चौघी

प्रिय चिंगे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या भावजींकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे मला तोंडाने सांगता आलं नसतं. आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आपण एकमेकींशी एक वाक्य बोललेलो नाही. मग सुरुवात कुठून करायची? बातमीपासूनच करते. माझ्या छातीत गाठ निघाली. आईला होता तोच आजार.

लवकर सापडली. आमच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांची तपासणी होती, मी काम टाळायला म्हणून रांगेत उभी राहिले. दीड सेंटिमीटरची गाठ. ऑपरेशन झालं, काखेत काही पसरलेलं नव्हतं. सगळे म्हणाले, सुटलीस. मलाही तसंच वाटलं. मग त्या गाठीची आणखी एक तपासणी झाली आणि आजार परत येण्याचा धोका सांगणारा तिचा आकडा नेमका मधे आला. कमी आला असता तर नुसत्या गोळ्या, जास्त आला असता तर केमो. मधे आला की आपलं आपण ठरवायचं. डॉक्टरीणबाई वयाने माझी मुलगी शोभतील, पण बोलणं अगदी सरळ. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शंभर जणींना केमो दिली, तर चौघींचा आजार परत यायचा टळतो. बाकीच्या शहाण्णव जणींना उपयोग काहीच नाही, त्रास मात्र होतो." मी विचारलं, "त्या चौघी कोण, हे आधी कळतं का?" त्या म्हणाल्या, "नाही." विचार करायला तीन आठवडे दिले.

तुला माहीत आहे, मी सव्वीस वर्षं रक्त काढते. ती खिडकीजवळची खुर्ची, तो रबरी पट्टा, 'मूठ आवळा, थोडंसं टोचेल'. लोक मला शीरवाल्या बाई म्हणतात, कारण कुणालाच न सापडणारी शीर मला बोटाला लागते. केमोवाल्यांचं रक्तही सकाळी माझ्याकडेच येतं. पहिल्या खेपेला हात नेहमीसारखा असतो. चौथ्या खेपेला शीर सुतळीसारखी कडक होते, सुई आत जायला तयार नसते, आणि माणूस 'तुम्ही बघाच हो' म्हणून तोंड फिरवून बसतं. या औषधाने बोटं बधिर होतात, काहींची कायमची, हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलंय. माझी बोटं गेली तर मला नावनोंदणीच्या खिडकीत बसवतील. तिथे मी काय करू गं?

म्हणून मी 'नको' म्हणायचं ठरवलं. घरी सांगितलं. तुझे भावजी उठले आणि न गळणारा नळ दुरुस्त करत बसले. अर्ध्या तासाने तिथूनच म्हणाले, "तुला हवं तसं कर. फक्त मला नंतर विचारू नकोस, की तुम्ही का नाही अडवलं."

डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, "नक्की कशाची भीती वाटते?" बोटांचं सांगणार होते, आणि तोंडातून आईचं निघालं. सगळं सांगितलं त्यांना. तुला कधी सांगितलं नाही ते सुद्धा. आता तुला सांगते.

आईच्या केमोच्या तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी तिच्या स्वेटरची बटणं लावत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पुरे आता गं. मला घरीच राहू दे." मी म्हटलं, "एवढी एक घे, मग बघू." तिने हात सोडला आणि बाकीची बटणं मला लावू दिली. आम्ही निघताना तू कामावरून फोन करून विचारलंस, आई काय म्हणते? मी सांगितलं, तयार आहे. नवव्या दिवशी तिला ताप भरला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, आणि पुढचं तुला ठाऊकच आहे. दवाखान्याच्या जिन्यात तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "ताई, तू मारलंस तिला." तू ते रागाने बोललीस. तिने काय मागितलं होतं, हे तुला माहीत नव्हतं. मला होतं. म्हणून मी तुला उलट उत्तर दिलं नाही, आजवर.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आईचा आजार यकृतात गेला होता, वय सत्तर होतं. तुमची गोष्ट वेगळी आहे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवडे मी माझ्या आजाराबद्दल ठरवतच नव्हते. 'हो' म्हटलं तर मी तेव्हाही बरोबर होते, आणि 'नको' म्हटलं तर आईची शिक्षा भोगली, असा हिशेब चालला होता. आई त्यात कुठेच नव्हती आणि मीही नव्हते. मी घरी येऊन दोन दिवस पडून राहिले आणि मग केमो घ्यायचं ठरवलं. धीर आला म्हणून नव्हे. चौघींतली असेन आणि घेतली नाही, तर ते मला सोसणार नाही, एवढंच.

आज पहिल्या खेपेचा सतरावा दिवस. तोंडात फोड आहेत, पाणीसुद्धा झोंबतं. सकाळपासून उशीवर केस सापडतायत. अजून तीन खेपा आहेत. त्या चौघींत मी आहे की शहाण्णवांत, हे मला कधीच कळणार नाही.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. माफ करशील अशी अपेक्षा नाही, आणि मला भेटायला ये असंही म्हणत नाही. परवा माझ्या रक्ताचा आणखी एक रिपोर्ट आला. या आजाराचा दोष माझ्यात जन्मापासूनच आहे, बहुधा आईकडून आलेला. म्हणजे तो दोष तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. एका साध्या रक्ततपासणीत कळतं. तुझ्यात नसला, तर तुझ्या लेकीलाही आपल्याकडून त्याची भीती नाही. असला, तर वेळेत बरंच काही करता येतं, आईला आलं नाही ते. रिपोर्टची प्रत सोबत ठेवली आहे, ती कुठल्याही डॉक्टरला दाखव. एकदा मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ही लपवायची नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण या आठवड्यात जा, चिंगे, आणि रक्त देऊन ये.

तू मानलंस तर, तुझीच
ताई