रस्त्याच्या मधोमध

३ मार्च १९४४
गटारात पडलो. दिल्ली दरवाज्याजवळ, भर बाजारात, सायकल आणि कोऱ्या धोतरासकट. मागून बाबाजानचा टांगा आला, मी सवयीनं आणखी कडेला सरकलो – आणि पुढं कडच नव्हती! बाबाजान टांगा न थांबवता म्हणाला, "काय मच्छिंद्र, आंघोळीला घर नाही का?" हसणाऱ्यांत माझा सख्खा मावसभाऊ होता.

आई म्हणते सायकल विकून टाक. बाबाजानला टांगा विकायला कोणी सांगत नाही.

५ मार्च
केडगावला वरात. गनीभाईंच्या बँडमधला मोठा ड्रम माझ्याकडे असतो. तो पाठीला बांधला की सायकलवर मी नसतो, हत्ती असतो. कडेनं जायची सोयच नाही, ड्रम म्हशींना घासतो. म्हणून मधून निघालो. पुणे रस्त्याला मागं लष्कराची लॉरी लागली. आता मेलो, असं वाटलं. तर ती निमूट माझ्या मागं! रस्ता मोकळा झाल्यावर लांबून वळसा घालून गेली. अंग चोरलं तर गटार, वाट अडवली तर अदब. हे काय गौडबंगाल?

६ मार्च
आज ड्रमशिवाय तसाच मधून गेलो. चेहरा मामलेदाराचा. उभ्या टांग्यांच्या मधल्या फटीत शिरायचं नाही, सरळ रेघेत जायचं. वळायच्या आधी मागं बघायचं – नुसतं बघायचं नाही, मागच्याच्या डोळ्यांत बघायचं. मग हात लांब करायचा आणि वळायचं. बाबाजाननं माझ्या आईचा आणि मावशीचा उद्धार केला. पण लगाम ओढला! शिव्या खाल्ल्यानं हाड मोडत नाही.

९ मार्च
गनीभाईंना हे सगळं समजावलं. आमचे मास्तर ते. क्लॅरिनेट असं वाजवतात की नवरीच्या बापाला हुंडा विसरायला होतं. पण सायकलवर बसले की पार उंदीर. भिंतीला खांदा घासत जातात, कोंबडी आडवी आली तरी उतरतात. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्ता सरकारचा, बेटा. आपण पाहुणे. पाहुण्यानं कोपऱ्यात बसावं."

मी म्हटलं, पाहुण्याच्या अंगावर कोणी गाडी घालत नाही. हसले. क्लॅरिनेट पुसत बसले.

१४ मार्च
गनीभाईंना लॉरीनं उडवलं. भिंगारच्या रस्त्याला. कडेनंच जात होते. डोकं मोरीच्या दगडावर आपटलं. लॉरी थांबली नाही.

१५ मार्च
शुद्धीवर आले. कानावरून डोक्याभोवती पट्टी, मनगट सुजून वांग्याएवढं. शहजादीभाभी उशाशी बसून. मला म्हणाल्या, तू रस्त्याच्या मधून दंगा घालत फिरतोस तो धडधाकट, आणि हे बघ.

१८ मार्च
लॉरी सापडली. लष्कराला कडबा पुरवणाऱ्या ठेकेदाराची. दोन दिवस माळीवाड्यात चौकश्या करत हिंडलो, मारायच्या तयारीनंच. ड्रायव्हर निघाला जामखेडकडचा, गोरक्ष नावाचा, माझ्याच वयाचा. मी बोलायला लागलो तसा त्याचा चेहरा पांढराफटक. कोणाला धक्का लागल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. "मला दिसलेच न्हाईत वो. आईची आन." आणि रडायला लागला. रडणाऱ्याला मारता येत नाही, फार अडचण होते.

मी म्हटलं, बघू तुला काय दिसतं. माझी सायकल लॉरीच्या डाव्या अंगाला कडेला उभी केली आणि त्याच्या जागेवर चढून बसलो.

सायकल नव्हती. बॉनेट होतं, रस्ता होता, समोर लिंबाचं झाड होतं. सायकल नव्हती. मान लांब केली तरी नाही. मग गोरक्षनं ती आणून लॉरीपुढं मधोमध लावली तर घंटीसुद्धा दिसली.



२० मार्च
गोरक्ष नारळ घेऊन गनीभाईंकडे आला. भाभींनी त्याला दारातच उभा-आडवा सोलला. मग चहा दिला, मग कुठल्या गावचा ते विचारलं, मग जेवून जा म्हणाल्या. गनीभाई नुसते त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

९ एप्रिल
मनगट सुधारलं. गनीभाई पुन्हा सायकलवर! शिकवणीला मास्तर मी. त्यांना आधी लॉरीत बसवून आणलं, तोंडानं सांगून पटणाऱ्यातले ते नव्हेत. खाली उतरले ते सायकल घेऊन सरळ रस्त्याच्या मधे उभे राहिले. आता मी सांगतो तसं मान हलवतात. पूर्वी एका वाक्याला तीन हरकती असायच्या, हल्ली एक नाही. माझी शिकवायची हातोटी म्हणायची!

२३ एप्रिल
काय सांगू! कापड बाजारातून गनीभाई पुढं, मी मागं. मधोमध, ताठ, हत्तीवरून साखर वाटत चालल्यासारखे. माझ्या मागून कोणा बड्या माणसाची मोटार आली. हॉर्नवर हॉर्न. मी – मी, मच्छिंद्र! – घाबरून बाजूला झालो. गनीभाईंनी मान वळवली नाही. मोटारवाला खिडकीतून ओरडला, दुकानदार बाहेर आले, बाबाजाननं टांगा थांबवून तोंडात बोट घातलं. रस्ता रुंद झाला तशी मोटार गुमान वळसा घालून गेली. एवढी छाती माझीसुद्धा नाही. चेला गुरूच्या पुढं गेला.

२४ एप्रिल
सकाळीच गेलो, कालच्या हॉर्नबद्दल पाठ थोपटायला. गनीभाई माझ्या ओठांकडे बघत राहिले. दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "कुठला हॉर्न?"

पडले त्या दिवसापासून कानात नुसतं वारं आहे. भाभींनाही सांगितलेलं नाही. परवा लग्न आहे, सुपारी घेतलेली. बोटांना सगळं पाठ आहे म्हणाले. "तू फक्त माझ्या जवळ उभा राहा आणि ड्रम जोरात वाजव. तो मला छातीत कळतो."