मामा सापडला, आई

आई,

तुझी अशाबी जिवंत आहे. इंग्रजांच्या आरमाराने आमचं गुलामांचं जहाज भर समुद्रात अडवलं आणि आम्हाला इथे, फ्रीटाउनला आणून मोकळं केलं. आता मी बाजारात कापड विकते.

काल असंच पकडलेलं एक जहाज आलं. उतरलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या माणसांत तुझा भाऊ होता. आई, मला चोरांनी नेलं नव्हतं. मामानेच विकलं होतं. पुढे त्यालाही कुणीतरी विकलं.

जहाजातलाच एकजण ओरडला, "हा माणसं विकायचा!" लोकांनी दगड उचलले.

शेजारच्या मोरेनिकेने माझा दंड धरला. "तोंडावरचे कुळाचे वण तुझ्यासारखेच आहेत. ओळखतेस का गं याला?"

मामाने मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"माझा मामा आहे," मी म्हणाले. पुढचं गिळलं. हळूहळू दगड खाली पडले.

घरी त्याला भात वाढला. घास हातातच धरून तो म्हणाला, "पोरी, ताईला नको गं सांगू."

"नाही सांगत. तू सांग. गावी जा, तिच्यासमोर बस आणि सांग."

पुढच्या जहाजाने तो निघतोय. हे पत्र त्याच्या हाती दिलं, तर स्वतःच्या तोंडाने सांगण्यातून तो सुटेल. म्हणून देत नाही.

तुझी,
अशाबी