बोक्यासाठी एक खिडकी

सोमवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ७.१०
काम तांत्रिक आहे, म्हणून आजपासून नोंदी. उद्दिष्ट: राऊटरमध्ये एक पोर्ट उघडून बोक्यावर रोखलेला कॅमेरा कन्येला तिच्या गावाहून दिसेल असं करणे. पोर्ट म्हणजे घराला पाडलेली एक खिडकी. तिचा पत्ता फक्त कन्येला द्यायचा. मुदत: रविवार, संध्याकाळी ५. तसा शब्द दिलाय.

कन्या नोकरीला जाऊन तीन महिने झाले. फोन येतो. मी उचलला तर, बाबा, बरे आहात ना, आईला द्या. चार सेकंद. पण बोक्यावर, म्हणजे तिच्या ढोल्यावर, तिचा जीव. त्याला बघायला रोज माझ्या खिडकीशी यावं लागेल.

सौ. म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, मी आहे ना. ती आहे म्हणजे काय, ते विचारलं नाही.

सायं. ६.००
राऊटरमधलं मूळचं फर्मवेअर, म्हणजे त्याची आतली आज्ञावली, पुसून जाणकारांनी फुकट वाटलेलं चढवलं. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, तेही मला कोणी शिकवलं नव्हतं. इथे तर नुसत्या टिचक्या मारायच्या. वीस मिनिटांचं काम.

मंगळवार, ६. दुपारी १.३०
वीस मिनिटं अजून चालू आहेत. नव्या फर्मवेअरचा मेनू अनोळखी लिपीत निघाला. चित्रांवरून भागवलं.

पण वायफायची ताकद वाढवून दाखवली! जिन्यात, गच्चीवर, थेट फाटकाबाहेर पूर्ण रेघा. कंपनीला हे कधी जमलं नाही. राऊटर थोडा तापतो. त्यामुळे बोका कॅमेऱ्यासमोरची गादी सोडून राऊटरवर झोपतो. कॅमेरा वळवला.

बुधवार, ७. सायं. ६.४५
पोर्टचा नियम लिहिला. इंटरनेट कंपनीचा लाइनमन तारा तपासायला आला होता. माझ्या स्क्रीनवर नजर टाकून म्हणाला, अहो साहेब, तुमचा हा पत्ता शंभरने सुरू होतोय, म्हणजे तो कंपनीच्या आतला. बाहेरचं कोणी तुमच्या दारापर्यंत पोचायचंच नाही. ऑफिसात एक अर्ज टाका, स्वतंत्र पत्ता देतील.

अर्ज! अर्ज करणारे वेगळे. मी स्वतः करणारा. चहा पाजला, कारण सौ.ने आधीच टाकला होता.

गुरुवार, ८. सकाळी ८.००
चाचणी. घरात बसून तपासतो तो अडाणी. बाहेरच्या जगातून तपासायचं. फोन घेऊन जिन्यात गेलो: बोका दिसला. गच्चीवर: दिसला. फाटकाबाहेर बावीस पावलं: मिशा मोजता येतील इतका स्वच्छ. सिद्ध झालं. तो अर्ज गेला उडत.

कन्येला पत्ता पाठवला. टिंबं दोनदा तपासून.

शुक्रवार, ९. सायं. ७.१५
कन्येचा निरोप, सौ.मार्फत: पान उघडत नाही, नुसतं चक्र फिरतंय.
शक्यता: (१) पत्ता चुकीचा टाकतेय. नाही, बरोबर टाकतेय. (२) तिच्या ऑफिसचं इंटरनेट. घरूनही बघितलं म्हणे. (३) ते शहरच तसलं. यावर शिक्का.

सौ. भाजीला निघाली होती, तिलाही पत्ता दिला. दुकानात उघडेना म्हणाली. परत येताना, फाटकापाशी पोचल्याबरोबर उघडला म्हणाली. तिच्या हाताला यश उशिरा येतं, अशी नोंद करतो.

शनिवार, १०. दुपारी २.३०
नियम पाच वेळा पुसला, पाच वेळा लिहिला. राऊटर खाली असल्याने आठवडाभर जमिनीवर बसून काम. कंबर धरली. दुपारी पावणेदोन झाले की सौ. माझ्या मागच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसते आणि हसते. काय झालं विचारलं, तर म्हणे, चालू द्या तुमचं.

सायं. ५.५०
फर्मवेअर पुन्हा चढवत होतो. चढत असताना वीज घालवू नये अशी लाल अक्षरांत सूचना असते. बोक्याला वाचता येत नाही. प्लग निघाला. पाय माझा होता, पण आडवा तो आला.
राऊटरचा दिवा लागत नाही.

रविवार, ११. सकाळी १०.२०
कंपनीने मूळ दिलेला पांढरा डबा माळ्यावरून काढून जोडला. एका मिनिटात इंटरनेट. याचं वायफाय मात्र किती दुबळं! फोन घेऊन जिन्यात गेलो, तर रेघा संपल्या.
जिन्यात जरा वेळ बसलो.
म्हणजे गुरुवारी गच्चीवर आणि फाटकाबाहेर जे पोचत होतं, ते माझंच वायफाय. बाहेरच्या जगात मी गेलोच नव्हतो. (ही नोंद पेन्सिलने.)

सायं. ५.२०
पाचला फोन आला. स्वतः उचलला. आईला द्या म्हणायच्या आत सांगून टाकलं, खिडकी काही उघडली नाही.
कन्या म्हणाली, माहितीये बाबा. आई रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर ढोल्याला दाखवते. पहिल्या दिवसापासून. आठवडाभर त्याच्याशेजारी तुमचीच पाठ दिसतेय. निळ्या शर्टची शिवण उसवलीय खांद्यावर. परवा ढोल्या उठून गेला, तरी मी बघत बसले होते. आता एकदा तोंड इकडे करा की.
लाइन खराब असावी. फोन सौ.कडे दिला.

सोमवार, १२. दुपारी २.१०
सकाळी कंपनीच्या ऑफिसात अर्ज दिला. काउंटरवर लाइनमन भेटला. त्याने पेन पुढे केलं. माणूस सभ्य आहे.
पावणेदोनला सौ.च्या शेजारी बसलो. इस्त्रीचा शर्ट. तोंड पुढे. कन्या दिसली, हसली. मी घसा साफ करून पोर्ट म्हणजे नेमकं काय, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिने ऐकलं. चांगली चार मिनिटं.
मग म्हणाली, बाबा, जरा बाजूला सरका ना, ढोल्या दिसत नाहीये.
सरकलो.